मावशीचा जास्तीचा जीन

४ मार्च
शी! साहेबांनी आज पुन्हा उघड्या नळीवर फुंकर मारली. आत माकडिणीचं रक्त, वरून ह्यांचा सिगारेटी श्वास. लेबलवरची धूळ उडवत होते म्हणे! प्रयोगशाळेचे प्रमुख आहेत, बोलणार कोण? घरी येऊन दोनदा तोंड धुतलं.

६ मार्च
साहेब आज हवेत तरंगतायत. मावशीच्या रक्तात एक जास्तीचा जीन सापडलाय! मावशी म्हणजे आमची सगळ्यात जुनी माकडीण. पिंजरेवाले काका तिला तसं म्हणतात, म्हणून आम्हीही. सध्या गाभण आहे.

गर्भ टिकवणाऱ्या हार्मोनचा जीन. घरच्या चाचणीत दोन रेघा उमटतात त्या ह्याच हार्मोनमुळे. माणसात त्या जीनच्या बऱ्याच प्रती, मावशीच्या जातीत मोजक्याच. त्यात ही नवी, थेट माणसासारखी! साहेब म्हणतात, इतिहास घडला. डोंबलाचा इतिहास. माणसासारखी दिसते कारण माणसाचीच आहे. कोणाच्या तोंडातून पडली, तेही मला ठाऊक आहे.

९ मार्च
तळपायाची आग मस्तकात गेलीय. हा हार्मोन वारेत, म्हणजे गर्भाला पोसणाऱ्या प्लासेंटात, तयार होतो. म्हणून मावशीचं पोट उघडून वार काढायची, नवा जीन तिथे काम करतो का बघायचं. आणि पिल्लू? ते जगण्याइतकं वाढलेलं नाही — हे साहेबांनी चहा ढवळत सांगितलं.

आधी ताजं रक्त घेऊन पुन्हा तपासू या, असं मी म्हटलं. तर म्हणे, गाभण जनावराला सारखं टोचू नये! पोट फाडलेलं चालतं, टोचलेलं नाही. काका मावशीचं पाणी बदलत राहिले. ती पोटावर हात ठेवून बसली होती.

१० मार्च
साहेबांचा उष्टा कप चोरला. ओठांचा डाग तसाच! चिमटीत धरला. पण सिद्ध केल्याशिवाय हा माणूस ऐकणार नाही. तुलनेला आणखी कोणीतरी हवं म्हणून माझी थुंकीही घेतली. दोन्ही नमुने तपासायला लावले.

१३ मार्च
नवरा म्हणतो, तुला हल्ली सगळ्याचीच किळस येते, माझीसुद्धा. हो, येते. तो जेवताना आवाज करतो. पण त्याच्यावर राग काढण्यात अर्थ नाही.

साहेबांच्या तोंडावर निकाल कसा फेकायचा, ते आरशासमोर बोलून बघितलं. मजा आली.

१६ मार्च
साहेबांचा नाही.

माझा आहे. डीएनएच्या एका अक्षराचा फरक आहे त्या प्रतीत, तोच माझ्यात. साहेबांच्यात नाही. तीनदा पाहिलं. नळीचं झाकण मी अंगठ्याच्या नखाने उघडते. नख आत जातं. घाईत सगळेच तसं करतात — असं किती वेळ स्वतःला सांगत बसले होते!

ऑपरेशन गुरुवारी. खरं सांगितलं तर मावशी वाचते आणि मी संपते. नोकरी जाईल, वर जन्मभर हसतील. हसू देत. उद्या सकाळी पहिलं काम तेच.

१७ मार्च
साहेब दिवसभर मीटिंगमध्ये. उद्या नक्की.

१८ मार्च
साहेबांच्या केबिनमध्ये गेले होते. दार लावून घेतलं, “सर, एक बोलायचं होतं,” इथपर्यंत आले. ते म्हणाले, “आधी माझं ऐक. शोधनिबंधावर पहिलं नाव तुझं टाकतोय.”

आणि माझ्या तोंडून काय निघावं? थँक यू, सर! वर मी हसलेसुद्धा. शी. शी. शी. मग त्यांनी विचारलं, तुझं काय होतं? म्हटलं, काही नाही, उद्या किती वाजता यायचं एवढंच.

१९ मार्च
झालं. वार माझ्याच हातात दिली. कोमट होती.

काका दाराशी उभे होते. म्हणाले, “निदान मावशी कामाला आली ना, बाई?”

मी हो म्हटलं.