दौलतच्या गिटारची घूं

मी, कुशाबा धोंडू पालव, वय एक्कावन्न, धंदा रेडिओ दुरुस्ती, राहणार करी रोड, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. सोमवारी परळच्या इस्पितळात माझ्या पोटाची शस्त्रक्रिया आहे. शरीर थकले आहे, पण डोके ठिकाणावर आहे. कोणाचा दबाव नाही. असलाच तर माझ्या मनाचा.

१. खोली, भांडी व पोस्टातील बचत माझी पत्नी कौसल्या हिची. मेहुणा रमाकांत याने नेलेले ड्रिल त्याच्याकडेच राहू द्यावे. त्याबदल्यात त्याने माझ्या तेराव्याला भाषण करू नये.

२. माझी सर्व हत्यारे, मीटर व झाळणी चाळीतल्या रघु सावंत याला द्यावी. रेडिओ विकून येईल ती रक्कम शेवंती दौलत परब हिला. कारण खाली लिहितो.

३. चार व्हॉल्व्हचा गिटारचा अॅम्प्लिफायर मी शेवंतीचा नवरा दौलत याच्यासाठी बांधला. ट्रान्सफॉर्मरही माझ्या हाताने गुंडाळलेला. दौलत मांडीवर गिटार आडवी घेऊन, लोखंडी कांडी तारांवर सरकवून पोवाड्याच्या चाली वाजवी. गेल्या डिसेंबरात संयुक्त महाराष्ट्राच्या सभेआधी तो वाजवणार होता. पण यंत्र चालू केले की घूं सुरू. मी कंडेन्सर बदलले, तारांना पीळ घातला, ट्रान्सफॉर्मर आडवा करून पाहिला. घूं जाईना. सभेला दोन तास उरले असताना मी अर्थिंगची, म्हणजे गळती वीज जमिनीत नेणारी, तार कापली. आवाज लख्ख झाला.

दौलतने विचारले, "कुशा, हात लावायला भीती नाही ना?"

मी म्हणालो, "मी बनवलंय. बिनधास्त वाजव."

ट्रान्सफॉर्मर आतून फुटत आला होता; वाजवताना तो फुटून वीज पत्र्यात व तिथून गिटारच्या तारांत उतरेल, हे मला ठाऊक नव्हते. अर्थिंग असती तर फ्यूज उडाला असता, एवढेच. दौलतने दोन चाली वाजवल्या. मग घोषणा देण्यासाठी तो माइककडे वाकला. डावा हात तारांवर होता, ओठ माइकला लागले. तो खाली पडला तेव्हा लोकांना वाटले, घेरी आली; तो जागीच गेला होता.

मंडपातील वायरिंग रघूचे होते. लोक त्याच्यावर धावून गेले. त्या गडबडीत मी अॅम्प्लिफायर उचलून घरी आणला आणि पंचनाम्याआधी ती तार पुन्हा झाळून जोडली. पंचांना अर्थिंग शाबूत दिसली. दोष रघूच्या वायरिंगवर गेला. त्याची गिरणीतली नोकरी सुटली. चाळीत त्याला कोणी पाणी विचारीना. तो माझ्याकडे येऊन म्हणाला की त्याने प्रत्येक जोड दोनदा तपासला होता. मी मान खाली घालून म्हणालो, चूक कोणाचीही होते. हे वाक्य मला अजून गिळता आलेले नाही.

रघूची काहीही चूक नव्हती. माझ्या मरणानंतर हे कलम चाळीत मोठ्याने वाचावे.

४. (आज दुपारी लिहिले.) साक्षीसाठी रघूला बोलावले. त्याने उभ्यानेच सगळे वाचले. मला वाटले, मारील. तो कागद माझ्या हातात परत देऊन म्हणाला, "मेल्यावर कशाला वाचायचं? शेवंती खालीच राहते."

आम्ही गेलो. तिला मी स्वतः वाचून दाखवले. ती भिंतीला टेकून ऐकत होती. रडली नाही. मी हत्यारांचे, रेडिओचे सांगू लागलो तशी तिने मला थांबवले. मृत्युपत्राला दोन साक्षीदार लागतात; वकिलांच्या म्हणण्याप्रमाणे, ज्याला काही मिळायचे त्याने साक्षीदार होऊ नये. हे रघूने तिला समजावले व स्वतःपुरते सांगितले की त्याला हत्यारे नकोत.

शेवंती म्हणाली, "मलाबी काय नको, भावजी. अंगठा कुठं लावायचा ते सांगा."

सबब कलम दोन रद्द. ती सर्व मालमत्ता कौसल्येकडे. उद्या सकाळी मी या दोघांसोबत पोलीस चौकीत जबाब देणार आहे. इस्पितळ त्यानंतर.

लिहून देणार : कुशाबा धोंडू पालव (सही)

आमच्या डोळ्यांदेखत सही केली :
१. रघु गोविंद सावंत (सही)
२. शेवंती दौलत परब (डाव्या हाताचा अंगठा)

मुक्काम करी रोड, मुंबई
दिनांक ९ ऑक्टोबर १९५९