फळ्यावरची नावं

रांझी, जबलपूर
५ जुलै

ती. विनताआत्यास शि. सा. न. वि. वि.

फोनवर तुला धड ऐकू येत नाही आणि तू नुसती हो हो म्हणून मोकळी होतेस, म्हणून शेवटी कागदच घेतला. तू लेकाकडे, अक्षतकडे, नागपूरला गेलीस त्याला वर्ष होईल. तुझ्या जुन्या क्वार्टरमध्ये आलेल्यांनी तुळस ठेवली आहे, कढीपत्ता मात्र तोडला. आज मी खास रडगाणं गायला बसले आहे, तेव्हा आधी चहा करून घे.

एप्रिलमध्ये आमच्या शाळेत दुसरीतला एक मुलगा घसरगुंडीवरून पडला, हात मोडला. त्याचे वडील वकील घेऊन आले. तेव्हापासून मैदानाला कुलूप आहे. पहिली ते पाचवीची मुलं मधल्या सुट्टीत बाकावर बसूनच डबा खातात आणि उरलेली वीस मिनिटं तोंडावर बोट ठेवून बसतात. शिपाई तुळशीराम किल्ली कमरेला लावून फिरतो. माझ्या तिसरीत चव्वेचाळीस मुलं, आणि त्यांच्याबरोबर कोंडलेली मी. एक चिमटा काढतो, दुसरी रडते, तिसरा बाटलीतलं पाणी कुणाच्या तरी दप्तरात ओततो. परवा एकीने शेजारणीच्या दंडाला कडकडून चावा घेतला. काहून चावलीस असं विचारलं, तर म्हणाली की तिलाच माहीत नाही. मला ते खरं वाटलं, कारण घरी गेल्यावर मीही विनाकारण भांडी आपटते.

सगळ्यात काळजी रोशनीची. ही आठ वर्षांची पोर मैदानातल्या जांभळाखाली बसून डबा चाटूनपुसून खायची, आता तसाच भरलेला परत नेते. बोलत नाही, चावत नाही, खिडकीकडे बघत बसते. आणि आमच्या खिडकीतून समोरची भिंत दिसते. तिची आई येऊन गेली, मुलगी दोन किलोंनी उतरली म्हणत होती. तू एकतीस वर्षं शाळेत मुलं सांभाळलीस, काहीतरी सांग.

तुझा लोभ आहेच, त्याबरोबर थोडी अक्कलही पाठव.
तुझी शैलजा


नागपूर
११ जुलै

चि. शैलजास अनेक उत्तम आशीर्वाद.

रडगाणं पोचलं. लहानपणी गायची त्यापेक्षा सुरात होतं.

आता नीट ऐक. जे मूल मिटलं आहे त्याला मॉनिटर करायचं. खडू रोशनीच्या हाती दे. जो दंगा करेल त्याचं नाव तिने फळ्यावर लिहायचं, आणि नाव आलं की सुट्टी संपेपर्यंत बाहेर व्हरांड्यात उभं राहायचं. चार पोरं उभी राहिली की बाकीची आपोआप सरळ होतात. आणि हातात खडू आला की मुकं पोरही ताठ होतं. माझ्या वेळी हा रामबाण होता, अजून गंजला नसावा.

मी मजेत आहे. अक्षत फार जपतो. मे महिन्यात मी भाजी आणायला उतरले आणि पायरीवर पडले, तेव्हापासून तर जास्तच. ऑफिसला निघताना सगळं हाताशी ठेवून जातो. नवव्या मजल्यावर वारा छान येतो. दिवसभर जप, टीव्ही आणि विणकाम. एकच मोजा तीनदा उसवून पुन्हा विणला, आता लोकरच कंटाळली. आमच्याकडे कचरा न्यायला शकु येते, हे पत्र तिच्या हाती दाराच्या जाळीतून देते आहे. पोचलं तर ती इमानी समजायची. सदर बाजारात गेलीस तर माझ्या नावाची खोव्याची जलेबी खा, आणि खाल्ल्याचं कळव, म्हणजे मला जळता येईल.

आशीर्वाद आहेत, ते पुरवून वापर.
तुझी आत्या


रांझी, जबलपूर
२२ जुलै

ती. आत्यास शि. सा. न. वि. वि.

जलेबी खाल्ली नाही. तुझा रामबाण आमच्यावरच उलटला आहे.

पहिले चार दिवस मी तुला मनात दंडवत घालत होते. रोज एक-दोनच नावं यायची. रोशनी खडू धरून उभी राहायची, आणि तिसऱ्या दिवशी तर तिने अर्धी पोळी खाल्ली. मग अचानक नावं वाढली. आता रोज मोजून अकरा. मुलं तक्रारही करत नाहीत, नाव आलं की डबा उचलून निमूट व्हरांड्यात जातात. गेल्या गुरुवारी तर रोशनीबाईंनी स्वतःचंच नाव लिहिलं, खडू शेजारणीला दिला आणि जाऊन उभी राहिली. मी डबा तपासायचं सोडून बघतच राहिले.

सोमवारी प्रिन्सिपल सर राउंडवर आले. अकरा मुलं बाहेर बघून त्यांनी सगळ्यांसमोर मला विचारलं की मी वर्ग चालवते की बाजार. दोनदा नाव आलेल्यांच्या पालकांना बोलवायचं ठरलं आहे. वर्गातून कुणीतरी त्यांना सांगितलं की ही मुलं दंगा करतच नव्हती. तेव्हापासून ते म्हणतात की रोशनी खोटी नावं लिहीत असेल, तर एक तारखेला तिला आईबापांसह त्यांच्यासमोर उभं करायचं आणि वेळ पडली तर टीसी हातात द्यायचा. मी रोशनीला जवळ घेऊन विचारलं. ती मान हलवते. हो की नाही, कळत नाही.

आत्या, मला तुझा राग आला आहे. त्याहून जास्त माझाच आला आहे. पोर गप्प होती, पण सुरक्षित होती. खडू मी दिला, आणि सापडली ती.

लोभ कमी झालेला नाही, पण आज मागवत नाही.
शैलजा


नागपूर
२६ जुलै

चि. शैलजास अनेक आशीर्वाद.

रागावलीस ते योग्यच केलंस. एकतीस वर्षं वापरलेलं औषध म्हणून मी रोगी न बघताच दिलं.

एकच विचारते. तुमच्या व्हरांड्यातून काय दिसतं?

हे विचारण्याचं कारण सांगायला लाज वाटते, पण सांगते. हल्ली मी शकुवर उगाच खेकसते. कचरा सांडला म्हणते, उशीर केला म्हणते. ती बिचारी उत्तर द्यायला जाळीशी पाच मिनिटं थांबते. तेवढी पाच मिनिटं मला बरं वाटतं. परवा तिने विचारलं की आजी, मी काय चुकले. तुझं पत्र वाचलं आणि ते आठवलं.

फळा पुसायच्या आधी रोजची नावं वहीत उतरवून घे. मला कळवायच्या आधी तुलाच कळेल.

पोरीला सोडू नकोस.
तुझी आत्या


रांझी, जबलपूर
८ ऑगस्ट

ती. आत्यास शि. सा. न. वि. वि.

व्हरांड्यातून मैदान दिसतं. जांभूळ दिसतं, खाली पडून सडलेली जांभळं दिसतात आणि त्यांवर बसणाऱ्या साळुंक्या. वारा लागतो.

नावं वहीत उतरवली आणि हजेरीपटाशेजारी ठेवली. क्रम तोच. रोज अकरा, चार दिवसांत चव्वेचाळीस, पाचव्या दिवशी पुन्हा पहिल्यापासून. कुणी दंगा केला नव्हता. रोशनी प्रत्येकाला पाळीपाळीने बाहेर पाठवत होती, आणि स्वतःचं नाव तिने पटावर होतं तिथेच घेतलं होतं, एक दिवसही आधी नाही.

एकतीस तारखेला फळ्यावर अकरा नावं झाली आणि तिने खाली बारावं लिहिलं, शैलजा मैडम. मी विचारलं हे काय, तर म्हणाली की मैडम का नंबर तो आया ही नहीं था. मी डबा घेऊन बाहेर गेले. मुलांनी सरकून जागा दिली. आत्या, मी तिथे रडले, आणि पोरांनी न बघितल्यासारखं केलं.

सर आले, इथे काय करताय म्हणाले. मी सांगितलं की माझं नाव फळ्यावर आहे. मग वही दाखवली आणि नावं खोटी असतील तर खडू मीच दिला, दोष माझा, असं म्हणून सगळं माझ्या अंगावर घेतलं. ते वही घेऊन गेले. दुसऱ्या दिवशी रोशनीला बोलावणं आलं नाही, मला आलं. प्रत्येक वर्गाला आठवड्यातून एक दिवस, वीस मिनिटं, घसरगुंडी दोरीने बांधलेली, आणि कुठल्याही मुलाला इजा झाली तर जबाबदार शैलजा मैडम. मी सही केली. स्टाफरूममध्ये सगळ्या मला येडी म्हणून राहिल्या आहेत. भीती मलाही वाटते. आता पाचही दिवस माझा जीव त्या कुलपात अडकलेला असतो.

आमचा दिवस गुरुवार. तुळशीरामने कुलूप काढलं. मुलं रांगेने आत गेली, जांभळाखाली ओळीत बसली आणि तोंडावर बोट ठेवलं. मी खेळा म्हटलं, कुणी उठेना. पुन्हा म्हटलं, चलो, खेळा. तरी नाही. मग रोशनी उठली आणि पटाच्या क्रमाने एकेक नाव मोठ्याने घेऊ लागली. ज्याचं नाव येईल ते मूल पळत सुटायचं. विसांतली सात मिनिटं त्यातच गेली, मी घाई केली नाही. सगळे गेल्यावर तिने झाडाखाली डबा उघडला.

आता तुझं. जाळीतून पत्र देतेस, जाळीतून भांडतेस. अक्षत कुलूप लावून किल्ली नेतो, हो ना? हे मला पहिल्याच पत्रात कळायला हवं होतं, पण मी माझंच रडत होते. त्याला वेगळं पत्र टाकलं आहे. भांडले नाही, पोर घाबरून जपतो आहे. रोशनीची गोष्ट लिहिली, आणि खाली मोठ्या अक्षरांत फक्त तुझं नाव.

लोभ असू दे, आणि उत्तर शकुच्या हाती नको. खाली उतर, तुझ्या हाताने पेटीत टाक.
तुझी शैलजा