जुन्या बोर्डावर नवा प्रोसेसर

दि. ९ मार्च २०२५, रविवार
दुपारचे दोन वाजून दहा मिनिटे

प्रिय दादा,

आत्ता मी टेबलाशी बसलो आहे. कॉम्प्युटरच्या डब्याची डावी बाजू काढून भिंतीला टेकवली आहे, चारही स्क्रू बशीत ठेवले आहेत, आणि रंगाच्या जुन्या ब्रशने पंख्याच्या पात्यांवरची धूळ काढत होतो. ती काढून झाली म्हणून लिहायला घेतलं. आई बरी आहे, तिचे गुडघे थंडीत धरले होते तेवढे आता धरत नाहीत. मी बरा आहे. तूही बरा असशील असं धरून चालतो. गोदामातली तुझी नवी पाळी कशी आहे ते कळव.

तुझे मेसेज मिळाले. सहा आहेत आणि सहांमध्ये एकच प्रश्न आहे, ‘घेतलास का?’ मी एकालाही नीट उत्तर दिलं नाही. फोनवर मला सरळ सांगता येत नाही. तू मध्ये बोलतोस आणि मग मी ‘बघतो’ म्हणून सुटतो. शाळा नववीत सुटली तरी माझं शुद्धलेखन तुझ्यापेक्षा बरं आहे, हे तूच लोकांना सांगायचास. म्हणून पत्र.

तर प्रोसेसरचं असं आहे.

आपला खेळ बनवणाऱ्यांनी सांगितलंय की १ एप्रिलपासून जुना खेळ बंद, आणि नवा आपल्या प्रोसेसरवर उघडणारच नाही. हळू चालेल असंही नाही, उघडणारच नाही. मी दोनदा वाचून खात्री केली. प्रोसेसर बदलला नाही तर रविवारी दोन वाजता खेळातला पूल राखायला तुझ्याबरोबर मी नसणार. आपण दोघं दुसरं कधी बोलत नाही, हेही मला माहीत आहे. त्यामुळे मी हे उगाच लांबवतोय असं समजू नकोस.

मंगळवारी काम लवकर संपलं म्हणून डबा उचलून दुकानात नेला. तोच दुकानदार, ज्याच्याकडून आपण पाच वर्षांपूर्वी सगळे भाग घेतले होते तो. त्याने विचारलं, “काय त्रास आहे?”

मी म्हणालो, “प्रोसेसर बदलायचा की नाही ते ठरत नाहीये.”

“हा त्रास तुझा झाला. याचा काय?”

मग त्याने प्रोसेसर बसतो तो बोर्ड बघितला. म्हणाला, “प्रोसेसर म्हणजे भाडेकरू. जुन्या घरात नवा भाडेकरू बसतो, पण आधी घराला सांगावं लागतं तो कोण आहे ते.” म्हणजे बोर्डाच्या आतला प्रोग्रॅम आधी नवा करायचा. त्याला सात-आठ मिनिटं लागतात, आणि तेवढ्यात वीज गेली तर बोर्ड कायमचा मेला. मी विचारलं, वीज गेलीच तर जबाबदारी कोणाची? तो म्हणाला, “वीज कंपनीची. जा, त्यांच्याकडून लिहून आण.”

नंतर त्याने पंखा सोडवला आणि बराच वेळ आत बघत राहिला. “हे कोणी केलं रे? पेस्ट आहे की सिमेंट?”

तुला आठवत असेल. प्रोसेसर आणि पंख्याच्या मध्ये ती करडी पेस्ट लावायची होती, आणि पुडीवर लिहिलं होतं की मटारच्या दाण्याएवढी. तू दाण्याएवढी लावलीस. बाबा मागे उभे होते, त्यांना राहवलं नाही. “एवढ्याशानं काय होतंय? कोपरे रिकामे राहतील. उद्या पोकळ वाजेल.” तू म्हणालास, “बाबा, ही फरशी नाहीये.” ते म्हणाले, “चिकटवायचं ते चिकटवायचं. त्यात फरशी न् काय.” आणि अख्खी पुडी ओतून, मोडक्या कंगव्याच्या तुकड्याने गवंड्याच्या दातेरी करणीसारख्या रेघा ओढून, वरून पंखा दाबून बसवला. बाजूने बाहेर आलेली पेस्ट बोटाने पुसून बोट विजारीला पुसलं. आई तो डाग महिनाभर घासत होती.

ती सगळी पेस्ट वाळून खडू झाली होती. म्हणून तर तो एवढा तापायचा. दुकानदार साफ करायला निघाला तर मी म्हणालो, मी करतो. त्याने स्पिरिट आणि कापूस दिला. रेघा अजून दिसत होत्या, मोजल्या तर नऊ. पुसायला वीस मिनिटं लागली. काही वाटलं नाही. मला वाटलं होतं काहीतरी वाटेल, म्हणून थोडा वेळ थांबून बघितलं. मग दाण्याएवढी नवी लावली आणि पंखा बसवला. घरी आणून बघितलं तर पूर्वी चौऱ्याण्णव अंशांपर्यंत तापायचा तो एकाहत्तरवर थांबला. इतकी वर्षं खेळ अडकतो म्हणून तू त्या खेळवाल्यांना शिव्या देत होतास.

म्हणजे प्रोसेसर तसा चांगला आहे. नवा खेळ सोडला तर त्याला काही झालेलं नाही. दुकानदाराकडे एक वापरलेला, आपल्या बोर्डावर चालणारा आला आहे, तो माझ्यासाठी शनिवारपर्यंत बाजूला ठेवतो म्हणाला. शनिवार म्हणजे १५ तारीख.

आईला विचारलं. ती रुग्णालयाच्या धुलाईतून येऊन पाय पाण्यात सोडून बसली होती. म्हणाली, “कितीला आहे?” मी सांगितलं. “आणि त्याने काय होईल?” मी म्हणालो, दादाबरोबर खेळता येईल. ती म्हणाली, “मग विचारतोस काय? तुम्हा दोघांना समोरासमोर बसवलं तर भिंतीकडे बघता. यंत्रातून तरी तोंड उघडता.” मी म्हणालो, महाग आहे. “महाग आहे ते दिसतंय मला. तू दुसरंच काहीतरी सांगत नाहीयेस.” मग तिने टॉवेल मागितला.

दादा, जुना खेळ अजून चालू आहे. १ एप्रिलपर्यंत चालेल. आठ रविवार झाले, आपण तोही खेळलो नाही. दर शनिवारी तू लिहितोस, ‘आता नवा घेतलास की खेळू’, आणि मी लिहितो, ‘हो’. म्हणजे प्रोसेसर हे कारण नाही. हे मला मंगळवारी कापूस टाकताना कळलं. तुला आधीच कळलं असेल.

तू चार दिवस आला होतास त्यात आपण मंडपवाल्याचं बोललो, मृत्यूच्या दाखल्याचं बोललो, तुझ्या परतीच्या बसचं बोललो. १२ जानेवारीच्या दुपारचं बोललो नाही. मी ते आता क्रमाने लिहितो. तुझ्याकडे अर्धीच बाजू आहे.

आई पाळीवर होती. बाबा स्वयंपाकघरात अन्न गरम करत होते. आपण दोन वाजता बसलो. कानाला हेडफोन असले की हाक ऐकू येत नाही म्हणून ते लाकडी हातोड्याने मधल्या भिंतीवर ठोकायचे, ते तुला माहीत आहे. टेबल भिंतीला लागून आहे, ठोका मनगटाला कळतो. दोन ठोके म्हणजे जेवायला या. तीन म्हणजे कोणीतरी आलंय. दोन वाजून एकोणचाळीस मिनिटांनी दोन ठोके आले. मी तुला म्हणालो, “बाबा बोलावतायत.” तू म्हणालास, “हा राऊंड संपव, मग जा. आत्ता उठलास तर पूल गेला.” मी म्हणालो, “बरं.”

थोड्या वेळाने आणखी एक ठोका आला. एकच. एका ठोक्याला आपल्या घरात काही अर्थ नव्हता. मी वाट बघितली की दुसरा येईल. तो आला नाही, म्हणून मी खेळलो. राऊंड दोन वाजून पन्नास मिनिटांनी संपला. आपण जिंकलो. तू म्हणालास, “जा आता, नाहीतर ताट थंड.” मी गेलो.

अकरा मिनिटं. मी डॉक्टरांना विचारलं होतं, अकरा मिनिटांनी फरक पडला असता का? ते म्हणाले, “सांगता येत नाही.” मी परत विचारलं, साधारण? ते म्हणाले, “साधारणही सांगता येत नाही.” मग त्यांना कोणीतरी बोलावलं.

आईला मी दोनच ठोके सांगितले आहेत. तिसरा फक्त तुला सांगतोय.

पाणी भरायची वेळ झाली, आई हाक मारते आहे. उरलेलं नंतर.


शनिवार, १५ मार्च, सकाळचे साडेअकरा

पत्र त्या दिवशी टाकलं नाही. सहा दिवस टेबलावर होतं. दोनदा वाचलं. काही खोडलं नाही.

जानेवारीच्या शेवटी तू नऊ हजार पाठवलेस, ‘प्रोसेसरसाठी’ म्हणून. फेब्रुवारीत पाच हजार आणखी. मी मागितले नव्हते. तू पायातले बूट तिसऱ्यांदा शिवून घेतलेस हे मी तू आलास तेव्हा बघितलं. आणि तू कधी कुणी मागितल्याशिवाय काही देत नाहीस, हे घरातल्या सगळ्यांना माहीत आहे. ते पैसे कशाचे आहेत ते मला कळतं. तू ‘राऊंड संपव’ म्हणालास त्याचे आहेत.

तर हे नीट वाच. तू काही म्हणाला नसतास तरी मी उठणार नव्हतो. ‘बाबा बोलावतायत’ हे मी तुला विचारलं नव्हतं, नुसतं सांगितलं होतं. माझा हात माऊसवरून निघालाच नव्हता. दोन ठोक्यांना आपण दोघंही लगेच उठलो असं आयुष्यात किती वेळा झालं? बाबाही एकदा ठोकून ताटं झाकून ठेवायचे. आणि तिसरा ठोका तर तुला माहीतच नव्हता, तो माझ्याच मनगटाला कळला. तुझ्या बाजूला जे आहे ते मी पूर्ण मोजून बघितलं. त्यात काही निघत नाही.

बाबांचं शेवटचं काम अर्धं राहिलं होतं ना, गल्लीच्या टोकाच्या घरातली स्वयंपाकघराची फरशी, ते मी फेब्रुवारीत पूर्ण केलं. त्यांनी बावीस फरश्या बसवल्या होत्या, माझ्या चौदा. सगळ्या ठोकून बघितल्या. त्यांची एकही पोकळ नाही. माझी एक होती, खिडकीखालची, ती उचलून परत बसवली. घरच्या बाई म्हणाल्या, “कुठपासून दुसऱ्याचा हात लागला ते कळत नाही हो.” मला कळतं. त्यांनी उरलेले पैसे परवा दिले. त्यातले आईला दिले आणि राहिले त्यात प्रोसेसर बसला.

आज नऊला दुकान उघडायच्या आधी दारात उभा होतो. दुकानदार म्हणाला, “ठरलं?” मी म्हणालो, “हो.” “मग चेहरा असा का?” मी म्हणालो, चेहरा असाच आहे. बोर्डाचा प्रोग्रॅम बदलायला सात मिनिटं चाळीस सेकंद लागली. मी घड्याळ धरून बसलो होतो, आणि तो माझ्याकडे बघून हसत होता, पण वीज गेली नाही. जुना प्रोसेसर त्यालाच दिला. त्याने विचारलं, “आठवण म्हणून ठेवायचा नाही?” मी म्हणालो, पुसून झालाय तो. नवा बसवला, पेस्ट मटारच्या दाण्याएवढी. कॉम्प्युटर पहिल्याच वेळी सुरू झाला. खेळ उतरतो आहे, अजून पाच तास दाखवतोय.

हे पत्र आज टाकतो. चार दिवसांत पोचेल. उद्याचा रविवार नको, तुझं वाचून झालं पाहिजे. २३ तारखेला दोन वाजता मी येईन. हेडफोन एकाच कानाला लावणार आहे, दुसरा कान उघडा राहील. तुझ्याकडे घरातले आवाज येतील, भांडी, नळ, आई कुणाशी बोलत असेल तर ते. चालवून घे. आणि तिने हाक मारली तर मी मध्येच उठेन, राऊंड कुठेही असो. पूल जाईल. मागच्या वेळेसारखं काही म्हणू नकोस, कारण मी ऐकणार नाही, आणि मग तू म्हणालास एवढंच राहील.

यायचं नसेल तर येऊ नकोस. मी तीन वाजेपर्यंत बसेन आणि बंद करेन.

बूट नवे घे.

तुझा धाकटा

ता. क. हिशेब खाली आहे. बेरीज दोनदा तपासली आहे.

जमा:
फरशीच्या कामाचे उरलेले – १६,५००
त्यातले आईला दिले – ७,०००
माझ्याकडे राहिले – ९,५००

खर्च:
प्रोसेसर, वापरलेला, तीन महिन्यांची हमी – ९,८००
बोर्डाचा प्रोग्रॅम बदलायची मजुरी – ५००
पेस्ट, दोन वेळची – २५०
एकूण – १०,५५०
जुना प्रोसेसर दिला त्याचे वजा – १,८००
प्रत्यक्ष खर्च – ८,७५०
शिल्लक – ७५०

तुझ्याकडून आलेले – ९,००० आणि ५,०००, मिळून १४,०००
परवा दुपारी बँकेतून तुझ्या खात्यात परत केले – १४,०००
तुझं माझ्याकडे येणं – काही नाही
माझं तुझ्याकडे येणं – काही नाही