पावणेदहाची भरती

११ डिसेंबर, सोम.
सलीम सरांची सहल मंजूर. मालवण, बेट, सागरी जीव, नववीची बत्तीस मुलं. मु.अ. स्वतः स्टाफरूममध्ये येऊन सांगून गेले, जाताना 'कल्पक शिक्षक' असं विशेषणही ठेवून गेले. याच खुर्चीवर बसून मी हाच अर्ज नऊ वर्षं केला. शेवटच्या वेळी मु.अ. म्हणाले होते, "वानखडे मॅडम, समुद्र काय पळून चालला का?" नव्हता चालला. सलीम सर बदलून यायची वाट पाहत होता.

माणूस वाईट असता तर सोपं होतं. बार्शीटाकळीचा, तिशीच्या आतला, विज्ञान शिकवतो, शाळेत येऊन दीड वर्ष. चहा आधी सगळ्यांना विचारतो, मग स्वतः घेतो. अशा माणसाचा राग करायला कष्ट पडतात. मी घेते आहे.

१४ डिसें., गुरु.
स. माझ्या टेबलाशी आले. "मॅडम, पोरींसाठी एक लेडीज टीचर लागते म्हणते हेडसर. तुमी चला ना."

म्हणजे भूगोल म्हणून नव्हे. बावीस वर्षं भरती-ओहोटी शिकवली म्हणून नव्हे. पोरी बसमध्ये चढल्या की डोकी मोजायला. म्हटलं, "त्या आठवड्यात घरी लग्न आहे हो."
"कोणाचं?"
"नात्यातलंच."
नातं आता शोधायचं आहे. यांना सांगितलं तर म्हणाले, "माझंच लाव पुन्हा."

माझ्या जागी शिवणाच्या मोहोड बाई. त्या विचारत होत्या, समुद्रावर स्वेटर लागतो का. आणि ही बाई समुद्र पाहणार.

३ जाने., बुध.
पालकसभा. कापसाचं असं, सोयाबीनचं तसं, यंदा कोण पोर पाठवतो, असं मु.अ. आधीपासून पसरवत होते. नववीतल्या प्रतीक्षाचे वडील भातकुलीकडून सायकलवर आले. म्हणाले, "पाच वर्षं झाले, मी आभाळाकडं पाहून राह्यलो. घरात एकानं तरी पानी पाह्यलं पाह्यजे. जाऊ द्या पोरीले."

मु.अ.नी यादीत तिचं नाव लिहिलं.

नंतर प्रतीक्षानं स.ना विचारलं, "सर, समुद्राचं पानी आमच्या विहिरीवानी असते काय?" त्यांच्याकडे जमिनीतलंच पाणी खारं. हा माझा प्रश्न होता. पाचवीपासून ती असले प्रश्न घेऊन माझ्याकडे येत होती. आता तिथे उभी राहून त्याला विचारते, मी चार हातांवर.
स. म्हणाले, "चाखून पाह्य अन मंग मले सांग."
मी क्षारांचं प्रमाण सांगितलं असतं, वर गृहपाठही दिला असता. त्याचं उत्तर चांगलं होतं. घरी आले तेव्हा डोकं दुखत होतं.

१२ जाने., शुक्र.
नववीवर तास. वारे शिकवायचे होते. मुलांनी वह्यांच्या मागच्या पानांवर खेकडे काढलेले. "सरांनी काढायले सांगतले." खेकड्याला सहा पाय, असतात दहा. खूश झाले. दिवसभरात तेवढंच.

२४ जाने., बुध.
सहलीचा कार्यक्रम बोर्डावर लागला. स.चं अक्षर, हिरवी शाई.
३१ जाने. सकाळी १० ते १२: बेटाजवळील खडकांवर जीवनिरीक्षण. दु. ४: बाजार, खरेदी.

दोनदा वाचलं. बी.एड.ला माझ्या खोलीत सुलभा होती, वेंगुर्ल्याची. तिच्या घरचे मासेमारीवाले. ती सांगायची, तिथीची पाऊणपट कर, भरतीची वेळ येते. अमरावतीत मी या हिशेबाचं काय लोणचं घालणार? तरी लक्षात राहिला. दर सुट्टीत ती बोलवायची, मी कधी गेले नाही.

ऑफिसातलं कॅलेंडर पाहिलं. ३१ ला माघ शुद्ध त्रयोदशी. तेराची पाऊणपट पावणेदहा. म्हणजे ही मंडळी दहाला पोचणार तेव्हा भरती ऐन भरात, खडक पाण्याखाली, जीवजंतू दिसणार नाहीत. चारच्या सुमारास ओहोटी लागून खडक उघडे पडणार, तेव्हा ही बाजारात काजू चाखत असणार. सलीम सरांनी समुद्र काटेपूर्णा धरणासारखा धरला: सकाळी पाणी जिथे, संध्याकाळी तिथेच. आपल्याकडे कोणीही हेच केलं असतं.

दहाचं चारला, चारचं दहाला. एक बाण काढला की झालं. पेन हातात होतं. तासावर निघून गेले.

२५ जाने., गुरु.
स.नीच विचारलं. "मॅडम, तुमी भूगोलवाल्या. एक नजर टाका, चुकलं असन तं सांगा. मी बी समुद्र पाह्यला नाही अजून."
म्हटलं, "अक्षर सुंदर आहे."
"अन टायमिंग?"
"छान."
तो "थँक्यू मॅडम" म्हणाला. मनापासून.

२८ जाने., रवि.
यांना सांगितलं. हे पेपर बाजूला ठेवून म्हणाले, "एका वाक्याचं काम आहे. सांगून टाक."
"नऊ अर्जांत सांगितलं तेव्हा कोणी वाचलं?"
"ते मु.अ.नी नाही वाचलं. पोरांनी काय केलं तुझं?"
भाजीत मीठ जास्त झालं म्हणून विषय बदलला. झालं नव्हतं.

२९ जाने., सोम.
मंडळी बडनेऱ्याहून गेली. स्टेशनवर गेले नाही. माझ्याकडे लग्न आहे ना.

३१ जाने., बुध.
नववीचा वर्ग रिकामा. मागे राहिलेल्या सात जणांना आठवीत बसवलंय. पावणेदहाला घड्याळ पाहिलं. दहाला पाहिलं. साडेदहाला आठवीला नद्या शिकवताना पूर्णा उलटी वाहवली, पोरांनीच दुरुस्त केलं.

मधल्या सुट्टीत समोरच्या एस.टी.डी.वर. स.चा मोबाइल लागेना. पाचव्यांदा लागला. वारा, ओरडा.
"मॅडम! काय सांगू, पानीच पानी! पोरं लाटा पाहून पागल झाले."
"खडक दिसले का?"
"खडक कुठं, सगळं बुडेल आहे. पण मजा आली."
काय हुकलं हे त्याला कळलंही नव्हतं. फोन ठेवला असता तर कधीच कळलं नसतं, आणि मीही सुटले असते.
म्हटलं, "चारला परत जा तिथेच. पाणी उतरलेलं असेल."
"चारले तं बाजार आहे."
"बाजार सोडा. जा म्हणते ना."
"पण मॅडम, तुमाले कसं..."
फोन कटला. मी कापला नाही. तसा थोडा कापलाच.

३ फेब्रु., शनि.
आले सगळे. मोहोड बाईंकडून कळलेलं: फोन आला तेव्हा स. मुलांबरोबर धक्क्यावर होते, पोरींना घेऊन बाई जेवायला पुढे. निरोप द्यायला पोरगा धाडला तर बाई जेवण उरकून थेट बाजारात पोचलेल्या, सापडल्याच नाहीत. चारला मुलांनी तारामासे पाहिले, खेकडे, समुद्रकाकडी, खडकातल्या खळग्यांत अडकलेले इवले मासे. अठरा मुलांनी. चौदा पोरींनी काजू पाहिले.
"खडकात काय पाहाचं असते एवढं," बाई म्हणाल्या. शंखांची माळ आणली आहे माझ्यासाठी. लग्न कसं झालं, विचारलं. छान झालं म्हटलं.

५ फेब्रु., सोम.
परिपाठात स. बोलले. सगळ्या शाळेसमोर: "आमी जे पाह्यलं ते वानखडे मॅडमच्या फोनमुळं. अमरावतीत बसून त्यांनी मालवणचं पानी सांगतलं." टाळ्या. मु.अ. 'अनुभवी शिक्षिका' म्हणाले. नऊ वर्षं ज्याची वाट पाहिली ते सगळं पाच मिनिटांत मिळालं, त्याच्याच हातून. मला तो तेव्हाही आवडला नाही. उलट जास्तच नावडला.

दुपारी नववीवर तास. मुलांनी हट्ट धरला, मॅडम, ते गणित शिकवा. फळ्यावर मांडलं. तिथी, पाऊणपट, भरती. त्यानंतर सहा तासांनी ओहोटी. मुलं लगेच आजची वेळ काढायला लागली, तारामाशांच्या गप्पा सुरू झाल्या. पोरी फक्त लिहीत होत्या.

प्रतीक्षानं हात वर केला. मला बरं वाटलं, कितीतरी दिवसांनी माझ्याकडे हात आला.
"मॅडम, यात तं फक्त कॅलेंडर लागते ना?"
"हो."
"मंग आपल्याले जायच्या आधीच काढता आलं असतं."
"हो."
"तुमाले हे आधीपासून येत होतं?"
वर्गाचा आवाज चालूच होता, बाकी कोणाचं लक्ष नव्हतं. ती चिडून विचारत नव्हती. वहीत लिहायचं असल्यासारखं पेन हातात धरून थांबली होती.

घंटा झाली. मी पुस्तक उचललं आणि निघाले. ती बाकाशी तशीच उभी.
उद्या पहिलाच तास नववीवर आहे.