आर्डिथच्या फ्रीजमधलं लोणी

४ ऑक्टोबर, शुक्रवार

रोल पुन्हा फसले! दालचिनी दुप्पट घातली तरी गांज्याच्या पाल्याचा वास वर येतोच. गवताच्या गंजीत तोंड खुपसल्यासारखं वाटतं. एकतीस वर्षं बेकरीत रोल केले, कुणी नावं ठेवली नाहीत. आणि आता समोरच्या दारातली आर्डिथ म्हणते, "ओरिन, हे गाईला घाल."

तिने खाल्ला मात्र. चतकोर तुकडा, कॉफीबरोबर. सकाळी संधिवाताने तिची बोटं इतकी आखडलेली असतात की स्वेटरची बटणंही लागत नाहीत. दहाच्या सुमाराला माझ्या दारात येऊन उभी राहिली — सगळी बटणं लावून! नुसता स्वेटर दाखवला आणि गेली.

मग दिवसभर माझं कशात लक्ष लागेना. दोनदा फिरून आलो, तरी तेच.

६ ऑक्टोबर, रविवार

लोणी नव्याने केलं. पाला आधी ओव्हनमध्ये मंद भाजला, मग लोण्यात तीन तास. घाई केली नाही. गाळून बरणीत भरलं आणि बरणीवर चिकटपट्टी लावली — काय आहे, कधी केलं, किती कडक, सगळं ठळक अक्षरात. बेकरीतली सवय. पट्टी नसलेली बरणी दिसली की मला चैन पडत नाही.

रोल जमले! संत्र्याची साल किसून घातली, तिने पाल्याचा वास दबला. आर्डिथ म्हणाली, "आता माणसांचं खाणं झालं."

लोणी कढताना मात्र वास पार जिन्यापर्यंत गेला. खिडक्या उघड्या टाकल्या, दाराखाली ओला टॉवेल कोंबला. या गावात चौकाचौकात गांज्याची दुकानं आहेत. मी आणतो तोही रीतसर, पावती घेऊन. आणि करतो चोरासारखा! राज्याची परवानगी आहे. पण आमच्या इमारतीतल्या म्हाताऱ्यांचं निम्मं भाडं वॉशिंग्टनचं केंद्र सरकार भरतं, आणि वॉशिंग्टनच्या लेखी हा अजून गुन्हाच. सापडलं तर घर खाली करायचं.

८ ऑक्टोबर, मंगळवार

खाली फलकावर कागद लागलाय. गुरुवारी तपासणी, सम क्रमांकाची घरं. म्हणजे माझं. बारा नंबर.

लिफ्टपाशी प्रुइटबाई भेटल्या, इमारतीच्या मॅनेजर. "तुमच्या मजल्यावर हल्ली छान वास येतो हं, मिस्टर हॅगन." हसून म्हणाल्या. कसलं हसणं होतं ते? मला जेवण गेलं नाही.

या खोलीसाठी पाच वर्षं यादीत होतो. त्यातले दोन हिवाळे गाडीत झोपून काढले, खाडीच्या कडेला, काचा आतून ओल्या. पुन्हा तिथे जायचं या वयात? नाही जमणार मला. भीती वाटते, सरळ लिहितो.

९ ऑक्टोबर, बुधवार

लोणी फेकून देतो म्हटलं, तर आर्डिथ भडकलीच. "माझ्या महिनाभराच्या सकाळी आहेत त्या बरणीत! माझं घर अकरा नंबर, विषम. आण इकडे."

दिली. नको म्हणायचं सुचलंसुद्धा नाही. बरणी गेली तेव्हा सुटल्यासारखं वाटलं, हेही लिहून ठेवतो.

१० ऑक्टोबर, गुरुवार

साडेनऊला आले. प्रुइटबाई आणि दोन माणसं. नळ बघितला, ओव्हन उघडला, धुराचा भोंगा वाजवून पाहिला. "स्वच्छ ठेवलंय हो!" म्हणून गेले. मी खुर्चीत बसलो आणि एकटाच हसलो.

तेवढ्यात बाहेर एक माणूस म्हणाला, "लवकर आटपलं. समोरची बाजू पण उरकून टाकू."

आणि आर्डिथच्या दारावर टकटक.

फ्रीजच्या दाराचं रबर तपासतात, त्यासाठी उघडतातच. आत बरणी. बरणीवर माझी चिकटपट्टी! गांज्याचं लोणी, तारीख, सगळं!! पट्टी नसती तर बाईंना हिरवं लोणी कोथिंबिरीचं वाटलं असतं.

दार उघडं होतं. मला सगळं ऐकू येत होतं.

"माझं आहे. मीच केलं," आर्डिथ.

"तुम्ही? या हातांनी?"

"मग काय पायांनी करू?"

मी माझ्या दारात उभा. तोंड उघडलं नाही.

११ ऑक्टोबर, शुक्रवार

तिला नोटीस. तीस दिवस.

गेलो तर दारातच अडवलं. "एक शब्द बोलायचा नाहीस कुठे. मी काय करतेय ते मला कळतं." मागे रिकामी खोकी दिसली. इतक्यात बांधाबांध? कुठे जाणार विचारलं. "आहे एक जागा मनात. तू नको डोकं शिणवू."

कुठली जागा? तिला ना मूल ना बाळ. बहीण होती, ती गेली. गाडीसुद्धा नाही झोपायला.

१२ ऑक्टोबर, शनिवार

रोल केले. साधे. एकही खाववला नाही.

१३ ऑक्टोबर, रविवार

भित्रा आहेस, ओरिन.

१५ ऑक्टोबर, मंगळवार

टाय बांधला आणि ऑफिसात गेलो. सांगून टाकलं — लोणी माझं, रोल माझे, पट्टीवरचं अक्षर माझं. हवं तर लिहून दाखवतो.

प्रुइटबाईंनी उठून दार लावून घेतलं. "मिस्टर हॅगन, हे तुम्ही मला सांगायला नको होतं. आता तुमच्या नावाचीही नोटीस काढावी लागेल."

"पण तिची रद्द होईल ना?"

"बरणी त्यांच्या घरात होती. आणि त्यांनी कबूल केलंय."

जिना चढून वर आलो. घर जाणार, पण खरं बोललो. आर्डिथला उद्या सांगेन.

१६ ऑक्टोबर, बुधवार

सांगितलं. ती खोक्यावर मटकन बसली. मग ओरडलीच —

"मूर्खा! दोनातलं एक घर तरी राहिलं असतं ना! ही खोकी मी तुझ्याकडे राहायला यायचं म्हणून भरत होते!"