तिन्हींतला कोणता ठेवू?

प्रिय सूनबाई,

मंगळवारी तुझ्या नावाचं पार्सल आलं. आत निघालं ते असं: पूर्ण बाह्यांचा पातळ काळा सदरा एक, चौदाशे रुपये; राखाडी लोकरीचा सदरा, तोही पातळच, एक, सव्वीसशे; वारा अडवणारं बिनबाह्यांचं जाकीट एक, एकोणीसशे. पैसे आधीच भरलेले होते, मी नुसती सही केली. एवढ्यात मी घरातल्या चौघांचे स्वेटर विणले असते आणि वर लोकर उरली असती. असो. नको असेल ते पंधरा दिवसांत परत पाठवता येतं म्हणे. त्यातले सहा दिवस गेले, कारण पत्र दोनदा लिहिलं आणि दोनदा फाडलं.

तू माहेरी गेलीस त्याला दहा महिने झाले. थंडीत पळायला काय घालावं यातलं मला काही कळत नाही, हे तुला मी सांगायला नकोच. सोबतच्या कागदावर छापलंय की घरातून निघताना थोडी थंडी वाजली, तर कपडे बरोबर निवडले असं समजा. मी तीनदा वाचलं. थंडी वाजावी म्हणून कुणी पैसे मोजतं का गं? तुझ्या सासऱ्यांनी घड्याळ दुरुस्तीचं भिंग डोळ्याला लावून काळा सदरा तपासला आणि म्हणाले, हिला गंडवलंय, कापड म्हणून नुसती भोकं विकली आहेत. तुझ्या नवऱ्याने राखाडी उचलला, थोडा वेळ हातात धरला, तुझ्यासारखी नीट घडी घातली आणि म्हणाला, जिचं आहे तिला विचार. मग दाढी करायला गेला. दाढी त्याने सकाळीच केली होती.

तुला आठवत असेल, नसेल कसं, तू पहिल्या थंडीत पळायला निघालीस तेव्हा मी दारात आडवी उभी राहिले होते. अंगाला लागून सुती बनियन असल्याशिवाय या घरातून कुणी बाहेर पडायचं नाही, असं म्हणाले होते. माझ्या आईने मला तसंच वाढवलं. तू काहीतरी सांगू पाहत होतीस, घाम, ओलावा वगैरे. मी म्हटलं, मॅट्रिक झालेय मी, कापूस काय असतो ते मला शिकवू नकोस. तू निमूट घातलंस. तीन महिने रोज घातलंस आणि तीन महिने खोकत राहिलीस. वर्षभर ज्या शर्यतीसाठी पळालीस, तिच्या दोन दिवस आधी तापाने अंथरुणाला खिळलीस. तेव्हा मी तुझ्या कपाळावर ओली पट्टी ठेवताना म्हणाले, देवानेच थांबवलं तुला. तू भिंतीकडे तोंड केलंस. तुझा नवरा दारात उभा होता, तो पट्टीचं पाणी बदलायला आत गेला. ताप उतरला आणि तू बॅग भरलीस. मला वाटायचं, एका शर्यतीपायी कुणी घर सोडतं का?

आता हसू नकोस. काय परत करायचं ते ठरवायला आधी कळायला तर हवं, म्हणून गुरुवारी मी स्वतः काळा सदरा अंगात घातला. किमतीची चिठ्ठी न कापता, बाहीत खोचून. आत अर्थातच सुती बनियन. सकाळचा जप आटोपून बागेतल्या पाण्याच्या टाकीभोवती दोन फेऱ्या मारल्या. पळाले म्हणवत नाही, पण चालले असंही नाही. माळीदादा झारी धरून बघतच राहिला. म्हणाला, काकू, कुणी मागे लागलंय का? थांबले मात्र, आणि पाठीला बर्फ लावल्यासारखं झालं. बनियन चिंब, अंगाला चिकटलेलं, घरी येईपर्यंत दात वाजत होते. दुसऱ्या दिवशी बनियन काढून नुसता सदरा घातला. निघताना हुडहुडी भरली, दुसऱ्या फेरीला गेली, आणि घरी आले तर पाठ जवळजवळ कोरडी. मी बाथरूममध्ये सदरा हातात घेऊन बराच वेळ बसून राहिले. देवाने नाही गं थांबवलं. मीच थांबवलं.

सदरा मी वापरला, तेव्हा तो परत पाठवणं देवापुढे पटणार नाही. तो राहू दे. पण मी गोंधळले आहे ते सदऱ्यावरून नाही. आधी वाटलं, जुना पत्ता चुकून पडला असेल, पार्सल तसंच तुझ्या माहेरी पाठवावं. मग खोक्यावरची चिठ्ठी वाचली. आपला पत्ता, आणि खाली तू दिलेली सूचना: बेल बंद आहे, कडी वाजवावी. आपली बेल तर तू गेल्यानंतर दोन महिन्यांनी बिघडली. घड्याळं दुरुस्त करणाऱ्याच्या घरात ती तशीच पडून होती, तुझे सासरे रोज उद्या म्हणायचे. तुला कुणी सांगितलं? नवऱ्याला विचारलं, तो म्हणतो आमचं बोलणंच नाही. सासऱ्यांनी कळवलं नाही, मी तर नाहीच. मग एकच उरतं. तू आली होतीस का? बेल दाबून दारात उभी राहिलीस आणि आम्ही तिघं आत जेवत बसलो होतो, असं झालं का? कडी का नाही वाजवलीस, हे मी विचारणार नाही. मला माहीत आहे. परवा यांना भिंग, पेचकस आणि शिडी देऊन दारात उभं केलं. बेल आता वाजते, खालच्या मजल्यापर्यंत ऐकू जाते. राखाडी सदरा आणि जाकीट परत करायचं, माहेरी पाठवायचं, की तुझ्या खुंटीला लावून ठेवायचं? नऊ दिवस उरलेत. उलट टपाली कळव.

तुझीच,
(काय लिहावं ते सुचत नाही, म्हणून तू हाक मारायचीस तेच)
आई