खिळ्यावरचा नान

कोकंद, शुक्रवार दुपार

प्रिय इल्हाम,

सुखरूप असशील असं धरून चालते. विचारायची सोय तू ठेवलेली नाहीस. चार वर्षं तुझा फोन लागत नाही. शेजारचा हाशिम परवा रशियातल्या कामावर परत निघतोय. तिथल्या एका इमारतीत तुला लाद्या बसवताना पाहिलं म्हणतो. त्याच्या हाती हे देते. राग आला तरी शेवटपर्यंत वाच.

मी दमलेय रे. कॉलेजात सहा तास मुलांना कॉम्प्युटर शिकवायचं, घरी येऊन आईचे गुडघे चोळायचे, आणि त्यात भर म्हणून मी एक खेळ बनवायला घेतला. कॉलेजच्या प्रदर्शनासाठी. मुलांसाठी काहीतरी सोपं करा म्हणाले, आणि मला सुचली ती बाबांनी लिहिलेली कादंबरी. तीच, पिठाच्या डब्यात लपवलेली, कार्बन लावून टाइप केलेली. आठवतं ना, पानं हातात घेतली की बोटं पांढरी व्हायची?

गोष्ट तुला पाठच आहे. शहर सोडून गेलेल्या माणसाचं नाव पुसतात. दर सोमवारी मोजणीवाला दारात येऊन विचारतो, घरात माणसं किती? गेलेल्याची एकही खूण सापडली की सगळं घरच यादीतून उडतं. मी त्याचा एवढासा खेळ केला. एक खोली, सात वस्तू, एक पेटी. मोजणीवाला जिना चढत असतो, तेवढ्यात मुलाचे बूट, पेला, टोपी, रजई सगळं पेटीत टाकायचं. सातवी वस्तू भिंतीवर. तपकिरी गोल नान, एका कडेनं घास तोडलेला.

खेळ तपासायला मी आईला बसवलं. तिला जमला तर कुणालाही जमेल, हा माझा हिशेब. पहिल्याच डावात तिनं मला झापलं. "अगं, माणूस दारात उभा आहे आणि तुमच्या खेळात चहा विचारायचं बटण नाही? हेच शिकवतेस मुलांना?" मी हसले. मग तिनं बूट लपवले, पेला लपवला, टोपी तर आधी झटकून मग लपवली म्हणे, आणि नानपाशी आल्यावर हात मागे घेतला. मोजणीवाला आत आला, घर उडालं. दुसऱ्या डावात तेच, दहाव्यातही तेच. मी वैतागून म्हटलं, "आई, नान उतरव, जिंकशील." तर म्हणते कशी, "खुळी का तू? लेक जिवंत असताना त्याचा नान उतरवू? तुझ्या खेळापायी?"

वर्गातही तसंच झालं. एकही पोर नानला हात लावेना. सगळी पटापट हरली आणि खेळ बिघडलाय म्हणून माझ्याकडे आली. एकटी लेना, वर्गातली रशियन पोरगी, पहिल्या झटक्यात जिंकली, आणि बाकीच्यांकडे बघून विचारत राहिली की ह्यात अवघड काय आहे. तिच्या घरी कुणी निघताना नानचा घास घेत नाही, तिला कसं कळणार. मला मात्र आपलं दार दिसत होतं. तू बॅग खांद्यावर घेऊन उभा, आईनं नान तोंडाशी धरलेला, आणि तू घाईत एवढासा तुकडा तोडलास. "मोठा घास घे, लवकर संपवायला येशील," असं ती म्हणाली होती. उरलेला तिनं खिळ्याला टांगला, तू परत येऊन संपवेपर्यंत. त्याला आता आठ वर्षं झाली.

बाबांच्या मातीला तू आला नाहीस. तेव्हा तुझी कागदपत्रं अडकली होती, हे आम्हाला माहीत आहे. पुढे लाजेनं फोन बंद केलास, तेही कळतं. मी रागावले होते, खूप रागावले होते. आता रागवायलाही जोर उरलेला नाही. आईनं तर तुला कधी बोल लावलाच नाही. मोहल्ल्यातली बाई याद्या करायला आली की अजून घरात तीन माणसं सांगते.

कादंबरीचं शेवटचं पान वाचून तू बाबांशी भांडला होतास. त्यातली आई शेवटी नान उतरवते आणि घर वाचतं. "खरी आई असं करणार नाही," असं तू ओरडलास. बाबा शांतपणे म्हणाले होते, "दमली की करते." मलाही तेव्हा बाबांचंच चुकतंय असं वाटलं होतं.

आई रोज खेळत होती आणि रोज हरत होती, तोवर मला काळजी नव्हती. परवा दुपारी भांडी आवरून ती आपणहून येऊन बसली. बूट, पेला, टोपी, रजई. मग थोडा वेळ थांबली, आणि नान पेटीत टाकला. घर वाचलं, अशी हिरवी अक्षरं आली. मी उगाच मोठ्यानं म्हटलं, "आई, जिंकलीस की!" तिनं चष्मा पुसला आणि भिंतीकडे बघत म्हणाली, "फार जुना झाला गं तो. उंदीर लागतील." काल सकाळपासून ती घरभर स्टूल शोधते आहे. मी ते शेजारी नेऊन ठेवलंय. तिनं विचारलं की मी माहीत नाही म्हणते. पण असं किती दिवस करू, इल्हाम? पैसे नकोत, खुलासा नको, काही आणू नकोस. फक्त ये, आणि तिच्यासमोर बसून तो नान खा. दगड झाला असेल, मी चहात भिजवून देईन.

तुझी वाट बघणारी, तुझीच
मुकद्दस आपा